कोथिंबीर उपटू नका!
मधमाश्यांच्या बागेविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की पाऊस सरला की माश्यांसाठी चार बिया पेरा. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळी जागा वाढवून दिली. प्रत्येक उत्तरात तेच तेच नको, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. भाद्रपद-आश्विनात माश्यांना फुलांची वाण नसते. आमच्या वाईहून वर पाचगणीकडे निघालात तर बांधावर कारळा, उतारावर तेरडा, वर पठारावर सोनकी. डबे कुठे ठेवू असा माश्यांना प्रश्न पडावा. ओढ लागते ती दिवाळीनंतर, गवत पिवळं पडलं की. शहरात त्याहूनही आधी, कारण तिथे गवत वाळायची वाट कोणी बघत नाही, मशीन फिरवून मोकळे होतात. तेव्हा आत्ताची लागवड आत्तासाठी नाही. ती मार्गशीर्ष, पौष, माघासाठी आहे. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

चौथ्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी आहे. गेल्या दसऱ्याला शेवंती, पेटुनिया आणि मोठा झेंडू आणला. फुलं भरपूर आली, माशी एकही नाही. इतक्या उंचावर त्या येत नसतील का?
*— कोथरूड, पुणे*

येतात हो. आग्या माश्या याच्या कितीतरी वरच्या मजल्यांवर पोळी बांधतात. दोष उंचीचा नाही, खरेदीचा आहे. रोपवाटिका मीही चालवते, त्यामुळे हे लिहिताना धंद्याच्या पोटावर पाय पडतो, पण पडू दे. दिवाळीच्या तोंडावर आम्ही विकतो ती फुलं माणसांच्या डोळ्यांसाठी तयार केलेली असतात. भरगच्च शेवंती आणि लाडवाएवढा झेंडू यांत पाकळ्यांवर पाकळ्या चढवलेल्या, आणि त्या पायी मधलं केसर-मधाचं काम जवळपास संपलेलं. पेटुनियाची नळी खोल, आपल्या सातेरीची, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीची, जीभ तिथवर पोचत नाही.

शेवंती ठेवा, सणाला हवीच. पण तिच्या शेजारी एक रुंद कुंडी, आठ-नऊ इंच खोल, घ्या आणि तिच्यात धने पेरा. वाण्याकडचे चालतात, फक्त जुने नकोत. लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळी वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, बोटाच्या पेराएवढ्या खोल टाका. महिन्याने वरणावर घालण्यापुरती पानं खुडा, आणि मग हात आवरा. हेच लोकांना जमत नाही! कोथिंबीर तुऱ्यावर आली की "जून झाली" म्हणून उपटून टाकतात. तिचा खरा हंगाम तिथेच सुरू होतो. पन्नास-साठ दिवसांत पांढरी छत्री उघडते, आणि त्या बारीक फुलांवर सातेरी, तिच्याहून लहान फुलोरी माशी, शिवाय नाव विचारू नये अशा चिमुकल्या माश्या सगळ्या येतात. पंधरा दिवसांनी दुसरी कुंडी पेरा, पुढच्या पंधरा दिवसांनी तिसरी. म्हणजे जानेवारी संपेपर्यंत खंड पडत नाही.

मोहरीचंही तसंच. फोडणीच्या डब्यातली चिमूटभर टाकलीत तरी सव्वा-दीड महिन्यात पिवळी होते. पानओव्याची एक फांदी खोचून ठेवा. भज्यांना पानं होतात आणि थंडीत तुरे आले की माश्यांना फुलं. सकाळचं ऊन कडक येत असेल तर ऑफिस टाइम लावा, तीच ती चिनी गुलाब म्हणतात ती. एकेरी फुलाची घ्या. नऊ-दहाला फुलते, दुपारी मिटते, आणि तेवढ्या वेळात माश्या पायाला पिवळे गोळे लावून जातात. पैसे खर्च करायचेच असतील तर कुफिया घ्या. जांभळ्या बारीक फुलांचं, गुडघ्याएवढं झुडूप. वर्षभर काही ना काही फुलत राहतं आणि कुंडीत कुरकुरत नाही.

आणखी एक. रोप आणताना विचारा, की याच्या मातीत कीटकनाशक टाकलंय का. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळातून शोषलं जातं आणि पुढे फुलातल्या मधात, परागात उतरतं. वरून धुतलं तर जात नाही. युरोपीय संघाने २०१८ साली असल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो माश्यांपायीच. आपल्याकडे ते छोट्या पुडीत सर्रास मिळतं. विक्रेत्याने डोळे चुकवले तर ते रोप तिथेच ठेवा, आणि घरी बियांपासून करा.

मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर तुळस लवकर वाळते, असं सासूबाई म्हणतात. तुम्ही माश्यांसाठी मंजिऱ्या ठेवा म्हणता. कोणाचं ऐकू?
*— पंढरपूर*

सासूबाईंचं. त्यांचं शास्त्र बरोबर आहे. बी धरलं की तुळशीचा जोर बियांकडे जातो आणि खोड लाकूड होत जातं. पण त्यांना विचारा, वृंदावनाखेरीज परसात आपोआप उगवलेल्या तुळशी किती आहेत. पंढरपुरात त्या नसतील असं होणार नाही. वृंदावनातली खुडा, मंजिऱ्या विठोबाला वाहा, कार्तिकात लग्न लावायला ती हिरवीगार हवी. परसातल्या फुलू द्या. एकच तुळस असेल तर अर्ध्या फांद्या खुडा, अर्ध्या ठेवा, आणि ठेवलेल्या मंजिऱ्यांचं बी तपकिरी झालं की त्याही कापा. माशीला फूल हवं असतं, बी नको असतं. त्यामुळे दोघींचं भांडण होत नाही.

दुपारी अकराच्या सुमाराला त्या परसातल्या तुळशीपाशी उभ्या राहून बघा. पोटावर निळसर पट्टे असलेली, एका जागी न थांबणारी माशी दिसली तर ती मधमाशी नव्हे, एकटी राहणारी आहे. पोळं बांधत नाही, मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत बीळ करते. तुमच्या दारात टोमॅटो-वांगी असतील तर त्यांची खरी मैत्रीण तीच. वांग्याच्या फुलातला पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतो, फूल धरून जोराने थरथरवावं लागतं. ती कला निळ्या पट्टेवालीला येते, भुंग्याला येते, सातेरीला येत नाही.

गावाबाहेर दोन गुंठ्यांची मोकळी जागा आहे, काळी माती, बोअरला बेताचं पाणी. माश्यांसाठी बाग करायची आहे. तयारी कशी आणि कधी करू?
*— सोलापूर*

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण दोन गुंठ्यांत खूप काही होतं. आणि सोलापूरकडचा माणूस पाण्याला बेताचं म्हणतो तेव्हा ते बेताचंच असतं, हेही कळलं.

पहिलं काम, घाई न करणं. तुमच्याकडे सप्टेंबरचा पाऊसच मोठा, हस्ताच्या सरीही येतात. काळी माती ओली असताना कुदळ घातलीत तर ढेकळं दगडासारखी होतील आणि उन्हाळ्यापर्यंत फुटणार नाहीत. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून सोडली की भुगा व्हायला हवी, बोटाला चिकटता कामा नये. मग वीतभर उकरा, कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, मुळं खाणारी हुमणी अळी येते.

पिकात पहिली पसंती करडईला. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे गंमतच आहे, करडईचा मुलूख तुमचा. पण बागेत ती कोणी लावत नाही. तिचं सोटमूळ खोल जातं, वरच्या पाण्यावाचून तग धरते, कोवळी असताना भाजी होते, आणि पौषाच्या आसपास केशरी-पिवळी बोंडं उघडली की माश्यांची जत्रा भरते. पेरणी आत्ता, याच पंधरवड्यात उरका. उशिराच्या करडईवर मावा तुटून पडतो, मग फवारणीचा मोह होतो आणि बागेचा हेतूच बुडतो. काट्यांची असेल तर वाटेपासून चार हात आत पेरा.

तिच्या अलीकडे धने, मोहरी, बडीशेप. बडीशेप हळू वाढते, पण करडई ओसरल्यावर तिच्या छत्र्या हाताशी येतात, म्हणून तिला जागा द्या. कडेने ज्वारीची एक ओळ राहू द्या. ज्वारीच्या कणसावर सकाळी माश्या पराग गोळा करतात, हे हुरड्याच्या नादात आपल्या लक्षात येत नाही. कुंपणाला अडुळसा आणि कोरांटी लावा. दोन्ही काटकसरीत जगतात, दोन्ही थंडीत फुलतात, आणि अडुळशाला जनावर तोंड लावत नाही.

शेवगा आता लावू नका. खड्डा मात्र आत्ता खणून, पालापाचोळा आणि शेणखत भरून ठेवा. थंडीत रोप रुसून बसतं, जूनच्या पावसात लावलेलं झपाट्याने निघतं. पुढच्या हिवाळ्यात त्याला फुलं आली की तुम्हाला मला पत्र लिहावंसं वाटेल.

दोन गुंठे पूर्ण झाकूही नका. एका कोपऱ्यात, ऊन लागेल आणि पाणी साचणार नाही अशी, खाटेएवढी जागा उघडी सोडा. ना पाला पसरायचा, ना खणायचं. वर पंढरपूरच्या उत्तरात लिहिलेल्या मातीतल्या माश्या तिथे राहतील. पाहुणे विचारतील, इथे काही लावलं नाही का. विचारू दे.

पाण्यासाठी मातीचं परळ, आत गोटे, गोट्यांची डोकी पाण्याबाहेर. खोल भांड्यात माश्या बुडतात. रोज पाणी बदला, आठवड्यातून एकदा परळ घासून उन्हात वाळवा. डासांची अंडी काठाला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

साखरेचं पाणी ठेवलं तर माश्या जास्त येतील का? माझ्या नातवाला हवं आहे.
*— नागपूर*

मुंग्या येतील. मागोमाग गांधीलमाश्या. पेटीतल्या माश्यांना पावसाळ्यात साखरेचा पाक देतात, पण तो पेटीच्या आत, संध्याकाळी, सांडू न देता. उघड्यावर ठेवला की वेगवेगळ्या वसाहतींच्या माश्या एकमेकींवर तुटून पडतात आणि रोगही पसरतो. नातवाला नुसतं पाणी आणि गोटे ठेवायला सांगा. आणि त्याच्या हाताने मोहरी पेरून घ्या, चार दिवसांत कोंब दिसतो, तेवढा धीर लहान मुलाला असतो.

गणपतीपासून सोसायटीत भांडण चालू आहे. चौदाव्या मजल्याच्या सज्जाखाली मोठं आग्या मोहोळ लागलंय. कमिटी म्हणते, दिवाळीआधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. मी विरोध केला तर "उद्या कोणाला चावलं तर तू जबाबदार" म्हणतात. काय करू?
*— ठाणे*

कमिटीची भीती खोटी नाही, आग्याची माशी ही चेष्टेची गोष्ट नव्हे. मोहोळ लहान मुलांच्या खोलीच्या खिडकीला लागून असेल तर हलवावंच लागेल. पण चौदाव्या मजल्याच्या बाहेर, कोणाच्या वाटेत नसेल, तर त्याला न डिवचणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. आग्या माश्या स्थलांतर करतात. पावसाळा सरता सरता येतात, पावसाच्या आधी जातात. आणि जुन्या जागा पुन्हा शोधून काढतात. म्हणजे या वर्षी औषध मारून मारल्या तरी पुढच्या वर्षी त्याच सज्जाखाली दुसरं मोहोळ येऊ शकतं. फवाऱ्याने सगळ्या एकदम मरतही नाहीत. उरलेल्या पिसाळतात, खाली पडलेल्या अर्धमेल्या माश्या अनवाणी पायांना डसतात, आणि विषारी झालेलं पोळं वर लटकत राहतं.

कमिटीला सांगायच्या गोष्टी या. रात्री त्या बाजूचे दिवे बंद ठेवा किंवा जाड पडदे ओढा. आग्या माश्या रात्री उजेडाकडे येतात, सकाळी ट्यूबखाली मेलेल्या सापडतात त्या याच. त्या बाजूला रॉकेट आणि धुराचे फटाके नकोत, ही सूचना दिवाळीआधीच फलकावर लावा. दोरीला लटकून रंगकाम करणारे कामगार येणार असतील तर ते काम पुढे ढकला, धोका त्यांना सगळ्यांत जास्त. एखादी डसलीच तर नांगी नखाने खरवडून काढा आणि त्या जागेपासून लांब जा, कारण नांगीच्या वासावर बाकीच्या येतात. खूप डंख झाले, चेहरा सुजला, धाप लागली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट रुग्णालय.

हलवायचंच ठरलं तर माश्या न मारता काम करणारा प्रशिक्षित माणूस शोधा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा. आणि जबाबदारीचं म्हणाल तर कमिटीला एक लेखी प्रश्न द्या: फवारणीच्या दिवशी कोणाला चावलं तर जबाबदार कोण?

काकू, आमच्या चिऱ्याच्या घराच्या भिंतीत पोयाच्या (बिनकाट्याच्या, बारीक) माश्या आहेत, आजोबांच्या वेळेपासून. धाकटा मुंबईहून येऊन दिवाळीपूर्वी सगळं प्लास्टर करून घेतो म्हणतोय. त्यांना दुसरीकडे नेता येईल का?
*— राजापूर, जि. रत्नागिरी*

नेता येईल, पण भिंत फोडावी लागेल, आणि मग प्लास्टरपेक्षा मोठं काम निघेल. धाकट्याला सांगा, त्यांच्या मेणा-राळेच्या नळीभोवती पसाभर जागा सोडून प्लास्टर कर. त्या डसत नाहीत, फार तर केसांत शिरतात. प्लास्टर चालू असताना नळीवर सिमेंटचे शिंतोडे उडू नयेत म्हणून करवंटी आडवी धरा, आणि भोकाजवळ ऑइल पेंट नको. त्या फार लांब जात नाहीत, काहीशे मीटरच्या आतच त्यांचा संसार. म्हणून जे लावाल ते घराजवळ लावा: तुळस, पानओवा, अंगणात ऑफिस टाइम. नारळ तुमच्याकडे आहेच, पुढे काजू फुलेल. तुम्हाला खरं तर बाग करायची गरजच नाही, फक्त भिंत वाचवायची आहे.

गुलाबाच्या पानांच्या कडा कोणीतरी कंपासने कापल्यासारख्या गोल कापतंय. अळी दिसत नाही. औषध सुचवा.
*— कोल्हापूर*

औषध नको. ही पानकापी माशी. कापलेले तुकडे नेऊन पोकळ काडीत पिल्लांसाठी खोल्या करते. गुलाबाचं काही बिघडत नाही. बाजारात तिच्यासाठी "बी हॉटेल" नावाची हजार-बाराशेची लाकडी खोकी मिळतात. ती घेऊ नका, निम्म्यांची भोकं आरपार असतात आणि तिला एक बाजू बंद लागते. बांबूचे वीतभर तुकडे, एका टोकाला पेर शाबूत ठेवून, करंगळीपेक्षा बारीक भोकाचे, मोळी बांधून वळचणीला आडवे टांगा. सातेरी मात्र त्यात राहायला येणार नाही, तेवढी आशा धरू नका.

लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. मागे छोटी बाग आहे. इथे तर आता सगळं झोपायला लागलंय, माश्यांसाठी काही करता येईल का?
*— रेडिंग, इंग्लंड*

तिकडचा हिशेब उलटा. आपण जानेवारीसाठी पेरतो, तिथे फेब्रुवारी-मार्चसाठी कंद पुरायचे. जावयांना क्रोकसचे कंद आणायला सांगा, तीन-चार इंच खोल, हिरवळीतच पुरा. थंडीतून बाहेर पडलेल्या केसाळ बम्बलबी राण्यांना पहिलं खाणं त्यांचं मिळतं. ट्युलिपवर पैसे घालवू नका. कुंपणावर आयव्हीचा वेल असेल तर तो फुलून जाईपर्यंत कात्री लावू नका. तिथल्या शरदात माश्यांचं शेवटचं मोठं जेवण तेच. केवळ त्या फुलाच्या जोरावर जगणारी एक आयव्ही माशी आहे, ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा २००१ साली नोंदली गेली आणि आता दक्षिणेत पुष्कळ दिसते. वाळलेल्या पोकळ दांड्या आणि कोपऱ्यातला पाला वसंतापर्यंत तसाच राहू द्या. लेक म्हणेल, आई आळशी झाली. म्हणू दे.

कांद्याचं बी धरतो, एक एकर. गेल्या हंगामात डोंगळे (कांद्याच्या फुलांचे दांडे) चांगले आले पण बी पोचट निघालं. माश्या कमी होत्या. बांधाला फुलझाडं लावली तर फरक पडेल का?
*— सिन्नर, जि. नाशिक*

पडेल, पण उलटाही पडू शकतो, म्हणून नीट वाचा. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतं. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्याला पोचवणारं कोणीतरी लागतंच. पण माश्यांना कांद्याचा मध तितकासा आवडत नाही, त्यात पोटॅशियम फार असतं. शेजारी मोहरी किंवा धने फुललेले असतील तर त्या तुमचे डोंगळे सोडून तिकडे जातील.

म्हणून बांध फुलवायचा तो आधी. कंद लावायच्या आसपास, म्हणजे आत्ता, बांधाला मोहरी आणि धने पेरा. डिसेंबरभर ते फुलतील, माश्यांना तुमच्या शेताची वाट सापडेल आणि जवळपासच्या वसाहती सशक्त होतील. जानेवारीत डोंगळे उमलायला लागले की बांधाचा फुलोरा कापून गुरांना घाला. पेट्या भाड्याने आणणार असाल तर एकरी दोन-तीन ठेवायची पद्धत आहे. पण त्या साधारण दहा टक्के डोंगळे फुलल्यावरच आणा. आधी आणल्यात तर माश्या दुसरीकडची सवय लावून घेतात.

फुलकिड्यांसाठी आणि करप्यासाठी जे काय फवारायचं ते कळ्या उमलायच्या आत उरका. फुलोऱ्यात फवारणी टाळाच. टळतच नसेल तर सूर्यास्तानंतर, पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवून. आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगून ठेवा, कारण सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते, तुमचा बांध बघून थांबत नाही.